जेवणानंतर एक

डिचोलीच्या फार्मसीतला पोरगा पाकीट उलटसुलट बघतो
आणि म्हणतो, काका, बाईंना सांगा,
जेवणानंतर एकच. उपाशीपोटी घेतली तर मळमळेल.
सांगतो, म्हणतो मी.
सुटे पैसे मोजून घेतो.

नार्वेच्या रस्त्यावर स्कूटर सांभाळून.
चाक खड्ड्यात गेलं की छातीत कळ जाते,
बोंडांमागे सुपारीएवढी गाठ, दोन्हीकडे.
तेरा वर्षांची असताना सुलक्षा दाराच्या कडीवर आपटली होती,
रडली होती हात छातीशी धरून,
आणि मी म्हणालो होतो, एवढ्याला काय रडतेस.

गोमेकॉतली डॉक्टरीण कोवळी, काणकोणची.
तिने कागदावर पेनाने पोट काढलं, पोटाखाली एक ठिपका.
हा पुरुषाच्या रसावर जगतो, म्हणाली,
आपण त्याचं जेवण बंद करायचं.
जुनं औषध आहे, स्वस्त आहे.
थोडा त्रास होईल.
थोडा म्हणजे किती ते मी विचारलं नाही,
रांगेत माझ्यामागे अकरा जण होते.
फक्त पोटरीचं तिने दोनदा सांगितलं:
एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला,
तर रात्र असली तरी निघायचं.
रक्ताची गुठळी उजाडायची वाट बघत नाही.

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर होतो.
रॅम्प टाकायचा, साखळी ओढायची, ट्रकवाल्यांना शिव्या घालायच्या.
उघड्या बटणांतून केस बाहेर यायचे, काळे, राठ.
आता आंघोळीला हात फिरवतो तर
शहाळ्याच्या मलईसारखं काहीतरी लागतं
आणि ते मीच असतो.

हसू येतं. कारण पंचविशीत जत्रेच्या नाटकात
मी तीन वर्षं राणी होतो.
चोळीत दोन करवंट्या, वर जरीचा पदर.
एकदा ऐन प्रवेशात डावी घसरून पोटावर आली
आणि आख्खा मांडव लोळला.
अजून धक्क्यावरचे म्हातारे हाक मारतात, राणीसाहेब!
परवा मारली तेव्हा मी पिशवी छातीशी धरली.

रात्री दोनला आतून कुणीतरी चूल पेटवतं.
पोटातून वर, मान, कान, टाळू.
उशी भिजते. मी फ्रिज उघडून
त्याच्या उजेडात उभा राहतो, बनियन वर करून,
कालच्या सोलकढीच्या पातेल्यासमोर.
कुमुदिनी येते. ओला पंचा मानेवर ठेवते.
बोलू नकोस. पाच मिनिटांत उतरेल. उतरतंच.
तुला गो कसं माहीत, मी विचारलं.
मोठ्याने विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
फ्रिज गुरगुरत होता.
मग मला तिची ती चार वर्षं आठवली,
खिडकीशी पदराने वारा घेत बसलेली ती,
आणि पंख्याच्या बटणावर माझा हात:
थंडी वाजते, मला पहाटे पहिली फेरी आहे.

माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं.
हल्ली कशानेही येतं. पोदेराचा भोंगा वाजला तरी.
ही गोळीच, म्हणालो मी.
असू दे गोळी, म्हणाली ती, तरी चालेल.

नवे दोन शर्ट तिने शिवलेत, ढगळ,
दोन्ही बाजूंना खिसे लावून.
का, ते ती बोलली नाही.
एका खिशात चष्मा, दुसऱ्यात काही नाही.

आणि रोज झोपण्याआधी ब्लाउजची टेप घेऊन
ती माझ्या पायथ्याशी बसते,
दोन्ही पोटऱ्या मोजते, दुधाच्या हिशेबाशेजारी
कॅलेंडरवर लिहिते.
डावी साडेतेरा. उजवी साडेतेरा.
परत एकदा मोज, म्हणतो मी.
दुखत काहीच नसतं,
तिला कळतं ते.
ती परत मोजते.